कीबोर्डशेजारी उघडं राहणारं पुस्तक: नवशिक्यांच्या तीन संगणक-पुस्तकांचा नऊ महिन्यांचा अनुभव

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी दीड तास चालणाऱ्या वर्गात नवशिक्यांसाठीची तीन मराठी संगणक-पुस्तकं नऊ महिने रोज वापरात होती. शिकणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे: निवृत्त शिक्षक, दूध संस्थेचं दप्तर सांभाळणारे, दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्या बायका. चार संगणक, त्यांतल्या तिघांवर विंडोज 11 आणि एकावर अजून विंडोज 10. इथे पुस्तकांची नावं न देता प्रकार सांगतोय, कारण कोणत्याही पुस्तकांच्या दुकानात गेलात तरी हेच तीन प्रकार समोर येतात. पहिलं सव्वाचारशे पानांचं, ‘सगळं काही एकाच पुस्तकात’ म्हणणारं. दुसरं रंगीत, पानोपानी पडद्याची चित्रं असलेलं. तिसरं शंभर पानांचं, चित्रं मोजकी, पण प्रत्येक कृतीखाली ‘असं झालं नाही तर’ अशी एक चौकट.

नऊ महिन्यांनी जाडं पुस्तक जवळजवळ कोरं आहे. रंगीत पुस्तकाची पहिली चाळीस पानं मळली, पुढची नाहीत. पातळ पुस्तकाची मात्र दोनदा बांधणी करून घ्यावी लागली. नवशिक्या अडतो तो चुकल्यावर, आणि त्या क्षणी काय करायचं हे फक्त तिसऱ्या पुस्तकात आहे. आमचं मत या एका गोष्टीवर ठरलं.

चित्रांचं आधी सांगतो, कारण दुकानात पुस्तक चाळताना डोळा तिथेच जातो. रंगीत पुस्तकातली चित्रं विंडोज 10 ची आहेत. त्या आवृत्तीचा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि नवा संगणक घेणाऱ्याला 11 च मिळतो. पुस्तक म्हणतं, ‘स्टार्ट डाव्या कोपऱ्यात आहे’. पडद्यावर तो मधोमध असतो. पुस्तक म्हणतं, ‘उजवं क्लिक करून कॉपी हा शब्द निवडा’; विंडोज 11 मध्ये कट, कॉपी, पेस्ट ही यादीच्या एका टोकाला छोटी चिन्हं होऊन बसलीत आणि जुनी लांबलचक यादी ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत गेलीय. माणूस शब्द शोधत बसतो आणि आपलंच काही चुकलं असं समजतो. टायपिंगचा पहिला धडा वर्डपॅडवर असेल तर आणखी पंचाईत, कारण विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून वर्डपॅड काढूनच टाकलंय. तो धडा सरळ नोटपॅडवर करावा. यावर पातळ पुस्तकाचा उपाय साधा आहे: जागेपेक्षा कळा शिकवा. कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड आणि कंट्रोल-एस (कॉपी, कट, पेस्ट, केलेलं मागे घेणं आणि सेव्ह) या पाच जोड्या विंडोजच्या गेल्या कित्येक आवृत्त्यांत तशाच राहिल्यात. पहिला आठवडा या पाचांवर घालवला तर पुढची कितीतरी चित्रं लागतच नाहीत.

भाषेचाही प्रश्न आहे. जाड्या पुस्तकात ‘धारिका’, ‘संचिका’, ‘कळफलक’ असे शब्द आहेत. मराठी शब्दांबद्दल आमचं काही वाकडं नाही, पण पडद्यावर ‘फाइल’ आणि ‘फोल्डर’ लिहिलेलं असताना पुस्तकात ‘धारिका संचिकेत हलवा’ असं आलं की वाचणाऱ्याला आधी पुस्तकाचं आणि मग पडद्याचं असं दोनदा भाषांतर करावं लागतं. पडद्यावर जो शब्द दिसतो तोच पुस्तकात हवा, आणि त्याचा अर्थ एकदा मराठीत नीट उलगडून सांगावा.

माऊसचा धडा तिन्ही पुस्तकांत अर्ध्या पानात उरकलाय. रंगीत पुस्तकात तर ‘डबल क्लिक करा’ एवढंच. पण वय झालेल्या हाताला दोन क्लिकमध्ये माऊस स्थिर ठेवणं जमत नाही. दोन क्लिकमध्ये जास्त वेळ गेला की फाइल उघडत नाही, तिचं नाव निळं होऊन बदलण्यासाठी खुलं होतं. घाबरून एखादी कळ दाबली की नाव गेलं, आणि मग ‘फाइल हरवली’ म्हणून हाक येते. नाव निळं झालं तर आधी एस्केप दाबायचं. पुढच्या वेळी फाइलवर एकच क्लिक करायचं आणि एंटर दाबायचं, ती तशीच उघडते. हात कायमच अडत असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये माऊसच्या पहिल्याच पानावर डबल क्लिकचा वेग असतो, त्याची पट्टी ‘स्लो’कडे सरकवावी. यातलं एस्केप आणि एंटर पातळ पुस्तकाच्या चौकटीत आहे. वेगाची पट्टी मात्र एकाही पुस्तकात नाही.

मराठी टायपिंगच्या प्रकरणात तिन्ही पुस्तकांचा खरा कस लागतो. जाडं पुस्तक अजून जुन्या फॉन्टवर अडकलंय: आधी कृतीदेव किंवा श्रीलिपी टाका आणि तक्ता पाठ करा. या फॉन्टमध्ये लिहिलेलं पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शिकणाऱ्याला वाटतं व्हायरस आला. तसं काही नसतं: जुन्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात, तर युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. छपाईच्या दुकानात लग्नपत्रिकेचा मजकूर द्यायचा असेल तर ते कोणती पद्धत वापरतात हे आधी विचारावं. बाकी सगळ्या कामाला युनिकोडच.

विंडोज 11 मध्ये कीबोर्ड जोडण्याची वाट अशी: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, अ‍ॅड अ लँग्वेज, मराठी. मग मराठीसमोरच्या तीन ठिपक्यांत लँग्वेज ऑप्शन्स आणि तिथे अ‍ॅड अ कीबोर्ड. विंडोजची कळ दाबून धरून स्पेस दाबला की भाषा बदलते. पुस्तकं इथवर आणून सोडतात. फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहायची पद्धत) निवडावं की इन्स्क्रिप्ट (मराठी अक्षरांसाठी ठरवलेली कळांची मांडणी), हा प्रश्न मात्र उरतोच. इंग्रजी टायपिंग आधीपासून येत असेल तर फोनेटिक लवकर जमतं. ज्याला कोणतंच टायपिंग येत नाही त्याने इन्स्क्रिप्टच शिकावं, असं आमचं ठाम मत झालंय. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत. ‘कोल्हापूर’ हा शब्द लिहून पाहा. इंग्रजी कळांच्या नावांनी क्रम असा येतो: के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. नऊ कळा, एकदाही शिफ्ट नाही, आणि उजवा हात, डावा हात, उजवा, डावा असं शेवटपर्यंत आळीपाळीने चालतं. हा एक शब्द पन्नास वेळा लिहिला की क, ल, ह, प, र आणि ओकार, काना, दीर्घ उकार, पाय मोडायची कळ असं सगळं बोटात बसतं.

एक चूक मात्र पुस्तकांमुळेच पसरते. तक्त्यात ‘र’ दिलेला असतो, पण ‘ऱ’ कुठे आहे हे सांगितलेलं नसतं. मग ‘अंबाबाईच्या पुजाऱ्यांचे’ लिहायला गेलं की ‘पुजार्यांचे’ होतं. दोन्हींचा उच्चार वेगळा. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत तर माणसंच बदलतात. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबलं की ‘ऱ’ येतो, मग डी दाबून पाय मोडायचा आणि तिरप्या रेषेच्या कळीवरचा ‘य’ द्यायचा. पुस्तकाच्या तक्त्याशेजारी हे पेन्सिलीने लिहून ठेवा. ‘ळ’ शिफ्टसह एन वर आहे, तोही तिथेच टिपून घ्या.

एक्सेलच्या प्रकरणात जाडं पुस्तक 10,48,576 ओळी असतात म्हणून सांगतं आणि उदाहरण देतं कुठल्यातरी कंपनीच्या तिमाही विक्रीचं. आमच्या वर्गात त्या उदाहरणाने कुणाचं लक्ष धरलं नाही. त्याऐवजी दहा दिवसांचं दूध बिल घेतलं आणि तासाभरात सूत्रं कळली. ए स्तंभात तारीख, बी मध्ये सकाळ किंवा संध्याकाळ, सी मध्ये लिटर, डी मध्ये फॅट, ई मध्ये दर, एफ मध्ये रक्कम. पहिली ओळ शीर्षकाची, मग दहा दिवसांच्या दोन वेळा म्हणजे ओळ 2 ते 21. एफ2 मध्ये =सी2*ई2 लिहायचं (सूत्रातली अक्षरं अर्थातच इंग्रजीत), चौकटीच्या उजव्या खालच्या टोकाचा बारीक चौकोन धरून 21 पर्यंत ओढायचं, आणि एफ22 मध्ये एफ2 ते एफ21 ची बेरीज करणारं ‘सम’ हे सूत्र.

आता यात काय काय बिघडतं ते बघा, कारण पुस्तकांत ते नाही. कुणी ‘5.4 लि.’ असं लिहिलं की ती संख्या राहत नाही, मजकूर होतो. गुणाकाराच्या चौकटीत लगेच #व्हॅल्यू! अशी चूक दिसते. ती बरी, निदान दिसते तरी. पण लिटरच्या स्तंभाची नुसती बेरीज घेतली तर सम ती चौकट गुपचूप वगळतं, आणि बेरीज 5.4 लिटरने कमी येऊनही काहीच कळत नाही. ओळखायची खूण अशी की आपण मुद्दाम मांडणी बदलली नसेल तर संख्या चौकटीत उजवीकडे टेकते आणि मजकूर डावीकडे. स्तंभावरून नजर फिरवली की डावीकडे सरकलेली चौकट लगेच सापडते. #### दिसलं तर ती चूक नाही, स्तंभ अरुंद आहे. शीर्षपट्टीत दोन स्तंभांमधल्या रेषेवर डबल क्लिक करावं. सगळ्या ओळींना एकच दर असेल आणि तो एच1 मध्ये ठेवला असेल तर सूत्रात $एच$1 लिहावं. डॉलर विसरला की सूत्र खाली ओढल्यावर दुसरी ओळ एच2 शोधते, ती चौकट रिकामी असते आणि रक्कम शून्य येते.

शेतीचं दप्तर करणाऱ्यांसाठी आणखी एक. एक्सेलमध्ये 7/12 लिहून एंटर दाबा, त्याची तारीख होते: भारतीय मांडणी असेल तर 7 डिसेंबर, अमेरिकन असेल तर 12 जुलै. गट नंबरांचं तर आणखी विचित्र होतं. 12/3 ची तारीख होते, पण 123/2 अशी तारीखच नसल्यामुळे तो तसाच राहतो, म्हणून एकाच यादीत अर्धे गट नंबर तारखा होतात आणि अर्धे शाबूत राहतात. नंतर स्तंभ ‘टेक्स्ट’ केला तर तारखांच्या जागी पाच आकडी संख्या येतात. मूळ नंबर परत मिळत नाही. म्हणून लिहायच्या आधी पूर्ण स्तंभ निवडायचा, कंट्रोल-1 दाबून टेक्स्ट करायचा, मगच नंबर भरायचे. थोडेच असतील तर प्रत्येकाआधी एक ' चिन्ह द्यावं. बँक खात्याचे लांब क्रमांक आणि शून्याने सुरू होणारे क्रमांक यांनाही हाच उपाय: एक्सेल संख्येचे पहिले 15 अंकच अचूक धरतं, पुढच्यांची शून्यं करतं, आणि सुरुवातीचं शून्य तर टाकूनच देतं. आम्हाला या पुस्तकांत सगळ्यात खटकलेली उणीव हीच, कारण यातलं नुकसान कागदपत्रांत जाऊन बसतं.

इंटरनेटच्या प्रकरणांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ब्राउझर, ईमेल, शोध हे तिन्ही पुस्तकांत ठीक आहे. ‘डाउनलोड केलेलं कुठे गेलं’ याचं उत्तर पातळ पुस्तकात छान आहे: कंट्रोल-जे दाबा, यादी समोर येते. नावापुढे (1), (2) दिसलं तर त्याच नावाची फाइल पुन्हा उतरवलीय एवढाच त्याचा अर्थ.

सुरक्षिततेचं प्रकरण मात्र तिन्हींत शिळं आहे. अँटिव्हायरसवर बारा पानं आणि यूपीआयवर एक परिच्छेद. आज नवशिक्याला शिकवायचं ते असं: पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी एपीके असेल तर ते अ‍ॅप आहे, पत्रिका नव्हे, उघडायचं नाही. संगणकावर फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स हे चालू ठेवावं, म्हणजे फाइलचं खरं शेपूट दिसतं. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं भासवून धमकावतात ती ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेलेच तर पहिल्या तासातच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडून प्रिंट काढली असेल तर फोनवर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन तिथून लॉग आउट करूनच दुकानाची पायरी उतरायची. हा मजकूर एका कागदावर छापून आम्ही तिन्ही पुस्तकांत चिकटवलाय.

पेन ड्राइव्हच्या पानावरही दोन गोष्टी जोडून घ्या. 32 जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण 29.8 दिसतो, कारण बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या. दुकानदाराने फसवलेलं नसतं. जागा असूनही मोठा व्हिडिओ ‘फाइल टू लार्ज’ म्हणत असेल तर ड्राइव्ह फॅट32 पद्धतीचा आहे, त्यात 4 जीबीपर्यंतचीच एक फाइल बसते. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा, पण फॉरमॅटने आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी ते दुसरीकडे काढून घ्या.

बॅकअपला जाड्या पुस्तकात दोन पानं आहेत, तीही ‘महत्त्वाच्या फाइलींची प्रत ठेवा’ एवढ्यावर संपतात. कोल्हापुरात हे पुरत नाही. 2019 आणि 2021 साली पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा संगणक आणि त्याच्या शेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क एकाच पाण्यात भिजली असेल, तर त्या दोन प्रती कशाच्या? तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी असा नियम धरावा. गूगलच्या मोफत 15 जीबीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही मोजले जातात, म्हणून फोटो वेगळे ठेवून हिशेब, दाखले आणि पत्रं तेवढी तिथे ठेवली तर वर्षानुवर्षं पुरतात.

विकत घेताना पुस्तकाच्या मागची शब्दसूची उघडून ‘हरवली’, ‘उघडत नाही’, ‘चुकून’ असे शब्द सापडतात का ते पाहा. मग वर्डच्या धड्यात सेव्ह कुठे होतं, म्हणजे संगणकावरच्या डॉक्युमेंट्समध्ये की वनड्राइव्ह या इंटरनेटवरच्या साठवणीत, हे सांगितलंय का ते बघा. हे दोन्ही असेल तर चित्रं जुनी असली तरी पुस्तक घ्यावं. घरी नेण्याआधी झेरॉक्सच्या दुकानात त्याला स्पायरल बाइंडिंग करून घ्या. चिकटवलेल्या बांधणीचं पुस्तक टेबलावर उघडं राहत नाही, एक हात ते दाबून धरण्यातच अडकतो, आणि इन्स्क्रिप्टला दोन्ही हात लागतात.