हातातली माणसं शिकवायची, तर ईटीपी की विओआ?

गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या कार्यक्रमांत तिघांनी मला गाठून एकच गोष्ट विचारली. ऑर्डरी घटल्यात, पण माणसं सोडायची नाहीत. मग या रिकाम्या वेळात त्यांना शिकवून घ्यायला सरकारी पैसा कुठून घ्यावा? कॅलिफोर्नियात लहान कारखाना चालवणाऱ्यापुढे मुख्यतः दोन दारं असतात: राज्याचं एम्प्लॉयमेंट ट्रेनिंग पॅनेल, म्हणजे आपलं ईटीपी, आणि फेडरल विओआ (वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी ॲक्ट) कायद्यातलं इन्कम्बंट वर्कर ट्रेनिंग, म्हणजे आधीपासून कामावर असलेल्यांचं प्रशिक्षण. माझं ३८ माणसांचं मशीन शॉप आहे आणि मी दोन्हीकडे जाऊन आलोय.

ईटीपी १९८२ पासून चालू आहे. त्यातला पैसा मालकांचाच. प्रत्येक कामगाराच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ०.१ टक्का कर, म्हणजे वर्षाला माणशी फार तर ७ डॉलर. आपणच भरलेला पैसा आहे, मागायला संकोच कशाला? शिवाय प्रशिक्षणाच्या तासाला ठरलेला दर मिळतो, त्यामुळे घरचाच अनुभवी सुपरवायझर शिकवायला उभा केला तरी चालतं. हजेरीपट मात्र काटेकोर लागतो. तारीख, वेळ, सह्या, सगळं जिथल्या तिथे.

माझं घोडं अडलं ते ९० दिवसांवर. प्रशिक्षण संपल्यावर माणूस सलग ९० दिवस ठरलेल्या पगारावर कामावर टिकला, तरच त्याचे पैसे तुमचे. मधल्या टप्प्यांवर हप्ते मिळतात, पण तोवर ते पैसे कमावलेले धरत नाहीत. आमचा एक मशिनिस्ट चाळीस तास शिकला, छान शिकला, आणि ८३व्या दिवशी भावाकडे ह्यूस्टनला निघून गेला. सात दिवस राहिले होते! त्याच्यापोटी आलेला हप्ता मी केव्हाच ट्रेनरच्या बिलात घालून बसलो होतो. तो परत करताना बायकोने विचारलं, "मग मिळालं काय आपल्याला?" नियम लपवलेला नव्हता, मीही वाचला होता. हिशेब मांडताना माणसं जातात हे धरलं नाही, ही चूक माझी. पण मंदीत नेमकं हेच होतं. ओव्हरटाइम बंद झाला की ज्याला दुसरीकडे दोन डॉलर जास्त मिळतात तो थांबत नाही. पुढच्या तीन महिन्यांत कोण राहील हे सांगता येत नाही, तेव्हाच त्यावर पैज लावायची, हे मला जमलं नाही.

विओआची नजर मागे असते. कामगाराला तुमच्याकडे सहा महिने झालेले हवेत. हे आजच्या आज पगारपत्रकात दिसतं. तुकडी करून शिकवत असाल, तर तुकडीतल्या निम्म्याहून जास्त जणांचे सहा महिने भरले की चालतं. प्रशिक्षणाच्या खर्चात मालकाचा वाटा ५० पर्यंत माणसं असतील तर किमान १० टक्के, १०० पर्यंत २५ आणि त्यावर ५०. प्रशिक्षणाच्या वेळेत दिलेला पगारही या वाट्यात धरता येतो. माझ्याकडचं प्रशिक्षण २०,००० डॉलरचं होतं, वाटा २,००० चा. बारा जण, प्रत्येकी २४ तास, सरासरी २५ डॉलर पगार: ७,२०० तिथेच झाले. वेगळा चेक फाडावा लागला नाही.

आता याचीही दुसरी बाजू. हा पैसा लोकल बोर्डाच्या, म्हणजे त्या भागातला रोजगार-प्रशिक्षणाचा निधी सांभाळणाऱ्या मंडळाच्या हातात असतो. बोर्ड आपल्या अडल्ट (प्रौढांसाठीच्या) आणि डिसलोकेटेड वर्कर (नोकरी गेलेल्यांसाठीच्या) निधीतला २० टक्क्यांपर्यंत भाग यासाठी ठेवू शकतं, ठेवलाच पाहिजे असं नाही. त्यामुळे एका काउंटीत हो, शेजारच्या काउंटीत नाही. कधी विचारायला जावं तर वर्षाचा निधी संपलेला. आमच्या बोर्डाने दोन महिने घेतले. अर्जात या प्रशिक्षणाने कपात कशी टळेल किंवा धंदा स्पर्धेत कसा टिकेल, हे पटवावं लागतं. तिथे 'स्किल वाढतील' छापाचं मोघम लिहू नका. कोणतं गिऱ्हाईक कोणतं काम मागतंय आणि ते आपल्याला आज का जमत नाही, ते लिहा. करारावर सही होण्याआधी वर्ग मात्र सुरू करू नका, दोन्हीकडे.

काही जण ऑन-द-जॉब ट्रेनिंगबद्दल विचारतात. त्यात निम्मा, काही वेळा ७५ टक्क्यांपर्यंत पगार परत मिळतो, पण त्याचा रोख मुख्यतः नव्या भरतीवर. माणसं आधीच हाताशी असतील तर त्यात फार शिरू नये असं मला वाटतं.

तुमची संख्या पन्नासच्या आत असेल तर मी आधी बोर्डाला फोन करीन. शंभराच्या वर असाल तर निम्मा वाटा जड जातो, तिथे ईटीपीचा विचार जरूर करावा. माझ्या मेहुण्याकडे १४० जण आहेत, त्याने ईटीपीच घेतलं आणि तो खूश आहे. त्याची माणसं पंधरा वर्षांत जागची हललेली नाहीत. माझा मशिनिस्ट दर नाताळला ह्यूस्टनहून फोन करतो, आपण शिकवलेलं फार कामाला येतंय म्हणतो.