हॉलला आयव्हरी की बिस्किट?

जळगाव-भुसावळकडे रंगाच्या दुकानात "पांढराफट्ट नको, गडदही नको" म्हटलं की काउंटरवर हमखास या दोन शेड येतात. कार्डावर फरक फारसा कळत नाही, भिंतीवर चांगलाच कळतो.

आयव्हरीत पिवळा अंश असतो. चारही भिंतींचा उजेड एकमेकींवर पडतो, म्हणून खोलीत तो कार्डापेक्षा जास्त चढतो. पश्चिमेला खिडकी असेल तर वैशाखात दुपारी चारनंतर भिंत चक्क लोण्यासारखी दिसते. पण जुन्या धाब्याच्या घरातली मधली खोली, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथे आयव्हरीच घ्या. बिस्किट तिथे मळकट वाटतं.

हॉलसाठी आमचं मत बिस्किटला. उन्हाळ्यातली धूळ, सोफ्यामागचा तेलकट डाग, स्विचभोवतीचे हातांचे डाग त्यावर कमी उठून दिसतात. मात्र खाली हिरवट कोटा फरशी असेल तर गुलाबी झाकेचं बिस्किट अजूनच गुलाबी दिसतं. करड्या झाकेचं मागा. भरताची वांगी घरात भाजत असाल तर स्वयंपाकघरात शेडपेक्षा फिनिश महत्त्वाची. मॅट भिंत घासून पुसली की तिथे चकाकी येते, म्हणून धुता येणारा इमल्शन घ्या.

नमुना प्रायमरवरच लावा: दोन फूट बाय दोन फूट, दोन हात (म्हणजे दोन थर), समोरासमोरच्या भिंतींवर. ओला असताना ठरवू नका. वाळल्यावर दुपारी बघा आणि रात्री दिवे लावूनही बघा. केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाच्या रंगाचं माप: 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली बिस्किट राखी पडतं, 3000 च्या पिवळसर दिव्याखाली आयव्हरी पिवळाधमक होतो. 4000 ला दोन्ही बरे दिसतात.

10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे भिंती 440 चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता साधारण 390. लिटरला दोन हातांत सुमारे 120 चौरस फूट धरले तर सव्वातीन लिटर लागतो, म्हणजे 4 लिटरचा डबा. दोन डबे लागणार असतील तर आधी एकत्र ढवळून घ्या. मशीनवर बनवलेल्या दोन डब्यांत थोडा फरक पडू शकतो आणि बिस्किटमध्ये तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

मे महिन्यात तापलेल्या भिंतीवर रोलरची कड लगेच वाळते, पट्टे राहतात. काम सकाळी उरका. लोणा (ओलीमुळे येणारा खार) लागलेल्या भिंतीवर तर दोन्ही शेड सारख्याच पोपडे धरतात. आधी ओल कुठून येते ते शोधा.