कुंभारगावची होडी आणि एका पायाचा शेकाट्या

भिगवणजवळच्या कुंभारगावात उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी दाखवणारे बरेच नावाडी आहेत आणि त्यांतले अनेक जण मूळचे मासेमार आहेत. जानेवारीत आम्ही दोघांनी त्यांच्यापैकी एकाची होडी सकाळच्या दोन तासांसाठी ठरवली. अग्निपंखांचा (फ्लेमिंगोंचा) थवा त्याने दाखवलाच, पण हिवाळ्यात तो बहुतेक कोणीही दाखवतो. हा अभिप्राय लिहावासा वाटला तो एका शेकाट्यामुळे, म्हणजे काटकुळ्या लांब पायांच्या एका पाणपक्ष्यामुळे.

गाळाच्या कडेला चरणाऱ्या शेकाट्यांपासून थोडा दूर एक जण एकाच पायावर उभा होता. माझ्या सोबत्याने त्याला लगेच लंगडा ठरवले, मला मात्र ते पटेना. कारण उघड्या पायांतून अंगातली ऊब निघून जाऊ नये म्हणून पाणथळीतले पक्षी एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतात आणि तो इतका बेमालूम झाकला जातो, की ६०० मिलिमीटरच्या लेन्समधूनही त्याचा मागमूस लागत नाही. थोड्या वेळाने तो चार-पाच उड्या मारत पुढे सरकला, तरी शंका फिटली नाही, कारण धडधाकट पक्षीही कधीकधी दुसरा पाय खाली न टेकता असेच लंगडी घालत जातात.

होडी आणखी जवळ न्यावी असे मी सुचवले, हे कबूल करतो. नावाड्याने इंजिन आधीच लांबवर बंद केले होते, आता त्याने बांबू गाळात रोवून होडी स्थिर केली, सूर्य आमच्या पाठीशी राहील असा तिचा कोन साधला आणि म्हणाला, “साहेब, त्याला उगाच उठवायचं नाही. उडेल तो आपला आपण.” उथळ पाण्यात बसक्या होडीतून कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतो हे खरे, पण ती जराही डुलली की चौकट बिघडते. चाळीस मिनिटे त्याने ती जवळजवळ हलू दिली नाही आणि या सेवेतली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती.

शेकाट्याचे गुलाबी पाय उडताना शेपटीच्या बरेच मागे लांबतात, त्यामुळे ते एक की दोन हे मोजायचे तर उडतानाच मोजावेत. शटरचा वेग १/२५०० सेकंद ठेवून मी वाट पाहत राहिलो. अखेर तो उडाला तेव्हा मिळालेल्या चौदा छायाचित्रांपैकी तीन स्पष्ट आली आणि तिन्हींत मागे एकच पाय दिसत होता. थंडीत काही पक्षी उडतानाही पाय पिसांत घेतात, म्हणून तेवढ्यावर मी निकाल दिला नसता. पण पलीकडच्या गाळावर उतरताना त्याने पंख वर केले आणि दुसरा पायही खाली आला. लोक ज्याला गुडघा समजतात आणि जो खरे तर घोटा असतो, त्या सांध्याच्या थोडा वरच तो संपलेला होता. टोक भरून आलेले दिसत होते, म्हणजे इजा जुनी असावी.

ती कशामुळे झाली हे छायाचित्र सांगत नाही. नावाड्याने होडीच्या तळातून तंगूसाचा, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा, एक गुंता काढून दाखवला आणि असे तुटके धागे पाण्यात दिसले की आपण उचलून आणतो, कारण ते पक्ष्यांच्या पायांना गुरफटतात, असे सांगितले. ज्याच्या स्वतःच्या घरी जाळी आहेत, त्याने हे आपणहून सांगावे याचे मला विशेष वाटले.

उणिवाही आहेत. तीन लाइफ जॅकेटांपैकी एकाचा बंद तुटलेला होता आणि ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जादा वेळेचे पैसे परत काठावर आल्यावर सांगितले गेले. रक्कम वाजवी होती, पण ती निघतानाच कळायला हवी होती. उतरल्यावर मिळालेला चिलापी माशाचा रस्सा झणझणीत होता. पुढच्या खेपेला फोनवरच तीन तास ठरवीन आणि बसायला घरून एक जाड उशी नेईन.