उंची बदलता येणारे पियानोचे बाक: मनगटदुखीवर कितपत उपयोगी?
घरातील साधी खुर्ची सुमारे ४५ सेंटिमीटर उंच असते आणि पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ सेंटिमीटरवर असतात. त्यामुळे ठेंगण्या वादकाचे कोपर पट्ट्यांच्या खाली राहते आणि मनगट सतत मागे वाकवून वाजवावे लागते. दोन्ही बाजूंच्या गोल मुठी फिरवून उंची बदलणारे हे बाक मी याच अडचणीसाठी घेतले. कोपर पट्ट्यांच्या पातळीच्या किंचित वर येईल अशी बैठक ठेवल्यावर हात व मनगट एका रेषेत राहू लागले आणि सप्तकांच्या सरावानंतरची ठणक बरीच कमी झाली. (कॅनडाचा प्रसिद्ध पियानोवादक ग्लेन गूल्ड मात्र जेमतेम ३५ सेंटिमीटरच्या खुर्चीवर बसून वाजवत असे, हा अपवादच समजावा.) तथापि, अंगठा वारंवार ताणल्याने त्याच्या मुळाशी होणाऱ्या दुखण्यावर या बाकाचा उपयोग दिसला नाही, तेथे विश्रांतीच हवी, आणि बोटांना मुंग्या येत असतील तर खरेदीपूर्वी डॉक्टरांना दाखवावे. बैठकीचे कृत्रिम कातडे उन्हाळ्यात चिकटते. मुलांचे पाय लोंबकळतात, म्हणून पायांखाली पाट ठेवावा लागतो. पायांचे स्क्रू अधूनमधून आवळले नाहीत, तर बाक करकरते.