लायकर अमोनिया: ०.८८ मागवावा की ०.९१?

लायकर अमोनिया म्हणजे अमोनिया वायूचं पाण्यातलं तीव्र द्रावण; ०.८८ आणि ०.९१ ही त्याची घनता, आकडा लहान तितका अमोनिया जास्त. ज्युनियर कॉलेजच्या लॅबची यादी करताना या ओळीवर पेन अडतंच. मी दोन्ही वापरले आहेत, दोन्ही नागपुरात. हे गाव मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

कागदावर ०.८८ सरस वाटतो. त्यात जवळपास ३५ टक्के अमोनिया, ०.९१ मध्ये २५. सॉल्ट ॲनालिसिससाठी, म्हणजे क्षारातले घटक ओळखायच्या प्रयोगांसाठी, २ मोलर तीव्रतेचं एक लिटर विरल द्रावण करायचं तर ०.८८ चे ११० मिली पुरतात, ०.९१ चे १५० लागतात. बाटल्या कमी, कपाटात जागा कमी. ज्यांची स्टोअररूम थंड आहे, त्यांनी ०.८८ घेतला तर मी त्यांना चूक म्हणणार नाही.

माझं मत बदललं ते झाकणामुळे. २५ टक्क्यांचं द्रावण साधारण ३८ अंशांना उकळतं, ३५ टक्क्यांचं तिशीच्या आतच. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि स्टोअरला फक्त पंखा. ०.८८ ची बाटली उघडायची म्हणजे आधी साध्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची. काच एकदम थंड केली तर तडकायची भीती. मग फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), गॉगल आणि हातमोजे घालून, तोंड लांब ठेवून, झाकण पाव फेरा फिरवायचं आणि थांबायचं. फस्सकन आवाज येतो, आटे ओले होतात, थेंब मनगटापर्यंत येतात. एकदा बर्फ नव्हता म्हणून मी तसंच उघडलं. गॉगल होता म्हणून डोळे वाचले, पण घसा दोन दिवस धरला होता. अल्कली डोळ्यात गेली तर आम्लापेक्षा खोल शिरते. लगेच वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धरायचा आणि थेट डॉक्टरकडे जायचं.

शिवाय उघडझाप जितकी जास्त, तितका वायू निघून जातो. दिवाळीनंतर लेबलवर विसंबून द्रावण केलं, तर कॉपरच्या टेस्टला गर्द निळा रंग यायच्या जागी फिकट साका तसाच राहिला. माझ्या अनुभवात ०.९१ अधिक दमदार टिकला. मोजून पाहिलेलं नाही, परीक्षेच्या टेबलावर पाहिलं आहे.

०.९१ म्हणजे गरीब गाय नव्हे. उन्हाळ्यात तोही थंड करूनच उघडतो, फक्त त्याचा जोर कमी असतो. दोन्हींना नियम तेच. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या शेजारी ठेवू नये. अमोनियम क्लोराइडची पांढरी भुकटी सगळ्या बाटल्यांवर बसते, लेबलं वाचता येत नाहीत. ब्लीचिंगच्या पाण्याशी गाठ पडू देऊ नये. पितळी नळाखाली बाटली ठेवू नये, नळ खातो. टॉलेन्स रिएजंट (अल्डिहाइड ओळखायचं, चांदीचा क्षार आणि अमोनियाचं द्रावण) हवं तेवढंच करून त्याच दिवशी विरल आम्ल घालून संपवावं. शिळं झालं की त्यात स्फोटक साका बनू शकतो.

आता मी ०.९१ च्याच ५०० मिलीच्या बाटल्या मागवतो, अडीच लिटरची नाही. थोडी महाग पडते, हे मान्य. पण एक बाटली उघडली की महिन्याभरात संपते, आणि आमच्या अटेंडंट मावशी ती एका हातात नीट धरू शकतात.