हेरून ठेवणं की ठरवून ठेवणं?

दोन्हीत निवड आधीच झालेली असते, पण फरक मोठा आहे हां. हेरून ठेवलं म्हणजे फक्त आपल्या मनात, समोरच्याला पत्ताच नाही, हेर म्हणजे गुप्तहेर त्यातलंच हे. दुकानात साडी हेरून ठेवली, पगार झाल्यावर गेलो तर दुसऱ्याच बाईने नेलेली, आणि भांडायचं कुणाशी? ठरवून ठेवलं की मात्र दुसरा माणूस बांधला जातो, मांडववाला, आचारी, भटजी सगळे ठरवून ठेवायचे असतात, ॲडव्हान्स दिला की अजून पक्कं.

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणं कशात बसतं? माझ्या मते दोन्हीच्या मधे, कारण कंडक्टर मानत नाही पण पब्लिक मानते.

ठरवलेल्याचा छापील अवतार म्हणजे 'नियोजित'. नियोजित वधू, नियोजित संमेलनाध्यक्ष वगैरे. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक बंद होऊन २०१९ च्या यवतमाळ संमेलनाला अरुणा ढेरे एकमताने अध्यक्ष झाल्या, आधी निवडून आलेलेही नियोजितच आणि आता एकमताने ठरलेलेही नियोजितच, शब्दाला काही फरक पडला नाही. 'मुक्रर' पण आहे, अरबीतून आलेला, भारदस्त, पण साडी कोणी मुक्रर करत नाही.