आमदार लोकसभेला उभा राहिला की त्याची दोन शपथपत्रं कशी वाचावीत: निवडणूक आयोगाच्या सेवेचा आढावा

विद्यमान आमदार लोकसभेच्या रिंगणात उतरला की मतदाराच्या हाती एक मोठी सोय येते. त्याच माणसाने आपली मालमत्ता, उत्पन्न आणि गुन्हे यांबद्दल शपथेवर लिहून दिलेले दोन हिशेब, म्हणजे शपथपत्रं, उपलब्ध असतात, एक विधानसभेच्या वेळचा आणि एक आताचा. २०२४ मध्ये महाराष्ट्रात असे बरेच उमेदवार होते. चंद्रपुरात बल्लारपूरचे आमदार सुधीर मुनगंटीवार आणि वरोऱ्याच्या आमदार प्रतिभा धानोरकर समोरासमोर होते. सोलापुरात आमदार प्रणिती शिंदे आणि माळशिरसचे आमदार राम सातपुते यांची लढत झाली. असे हिशेब निवडणूक आयोगाच्या उमेदवार शपथपत्र संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. सेवा अत्यंत मोलाची आहे, पण ती वापरायची रीत माहीत नसेल तर निष्कर्ष हमखास चुकतो.

निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते. पहिली अडचण इथेच आहे. एका उमेदवाराला जास्तीत जास्त चार अर्ज दाखल करता येतात, त्यामुळे एकच नाव अनेकदा दिसतं. शिवाय नामसाधर्म्य असलेले अपक्ष असतात, म्हणून फोटो आणि पक्ष दोन्ही पडताळावेत. शपथपत्रातला रकाना रिकामा राहिला तर निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला नोटीस देतो आणि छाननीपर्यंत नवं शपथपत्र घेतो. रकाने कोरे ठेवता येत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केलं आहे. त्यामुळे वाचायचं ते शेवटचं शपथपत्र. विरोधात कोणी प्रतिज्ञापत्र दिलं असेल तर तेही पाहावं.

फाइल उतरवली की समोर येतो नमुना २६, म्हणजे शपथपत्राचा ठरलेला छापील नमुना. बहुतेक प्रती स्कॅन केलेल्या असतात, शब्द टाकून शोधता येत नाही, आणि शिक्का नेमका आकड्यावर बसलेलाही सापडतो. ही या सेवेची सगळ्यात मोठी उणीव आहे. शेवटी भाग ‘ब’ मध्ये गोषवारा असतो. घाईत लोक तेवढाच वाचतात आणि ‘संपत्ती पाच वर्षांत दुप्पट’ असं म्हणून मोकळे होतात. खरी माहिती भाग ‘अ’ मध्ये आहे.

स्थावर मालमत्तेपासून सुरुवात करावी. प्रत्येक जमिनीपुढे गट किंवा सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजचं बाजारमूल्य असतं. दोन्ही शपथपत्रांतले गट क्रमांक जोडून लावा. तेच गट आणि तेच क्षेत्र असून फक्त मूल्य वाढलं असेल तर ती बाजारभावाची वाढ आहे, त्यात नवा पैसा आलेला नाही. नवा गट दिसला तर मात्र त्याची खरेदीची किंमत घ्या आणि ती आयकर विवरणातल्या उत्पन्नाशी ताडून पाहा. २०१९ पासून उमेदवार, जोडीदार, अविभक्त कुटुंब आणि अवलंबित यांचं मागच्या पाच वर्षांचं उत्पन्न द्यावं लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे या आकड्यांत ते न दिसण्याची शक्यता असते. उत्पन्न कमी आणि खरेदी मोठी दिसली तर आधी कर्जाचा रकाना बघा, नंतरच शंका घ्या.

इथे एक खाच आहे. रकाने स्वतः, जोडीदार, अविभक्त कुटुंब आणि अवलंबित असे असतात. मागच्या वेळी शिकत असलेला मुलगा आता कमावता झाला असेल तर तो अवलंबित राहत नाही आणि त्याची मालमत्ता कागदावरून जाते. एकूण आकडा घटतो तो त्यामुळेही. म्हणून बेरजेची तुलना करण्याआधी रकान्यांची तुलना करायची.

आमदारांच्या बाबतीत सरकारी थकबाकीचा भाग आवर्जून वाचावा. मागच्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोन यांची बाकी नसल्याचं सांगावं लागतं. मंत्री राहिलेल्या उमेदवाराबद्दल हा लहानसा भाग बरंच काही सांगतो.

गुन्ह्यांचा रकाना वाचताना संख्येपेक्षा कलमं महत्त्वाची. जून २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचं १४३, १४७, १८८ किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १३५ ही कलमं मोर्चा, रास्ता रोको आणि जमावबंदी मोडणं यांत सर्रास लागत. रस्त्यावर उतरणाऱ्या आमदारावर असे दहा गुन्हे असू शकतात. त्याच संहितेचं ४२० (फसवणूक), ४०९ (सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार) किंवा ३०७ (खुनाचा प्रयत्न) असेल तर एकच गुन्हाही गंभीर. आरोप निश्चित झाले आहेत का आणि कोणत्या तारखेला, हे तिथेच लिहिलेलं असतं. २०१९ ला असलेला खटला २०२४ ला नसेल, तर तो निकाली निघाला की मागे घेतला गेला हे मात्र शपथपत्र सांगत नाही. ते न्यायालयाच्या नोंदींत शोधावं लागतं.

ही सगळी जोडणी मतदारानेच करायची. आयोगाचं संकेतस्थळ एकाच व्यक्तीची जुनी-नवी शपथपत्रं शेजारी ठेवत नाही. ते काम एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या स्वयंसेवी संस्थेचं ‘मायनेता’ हे संकेतस्थळ चांगलं करतं, तिथे आधीच्या निवडणुकांतले आकडे एका तक्त्यात मिळतात. सुरुवात तिथून करावी, पण वाद घालण्याआधी मूळ कागद उघडावा, कारण ते आकडे त्याच कागदांवरून उतरवलेले असतात.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. छाननीत शपथपत्र पूर्ण भरलं आहे की नाही हे बघतात, मजकूर खरा आहे की नाही हे तपासत नाहीत. खोटी माहिती देणं किंवा लपवणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण तो आपोआप दाखल होत नाही.

आमदार म्हणून सभागृहात केलेलं काम या सेवेत अजिबात नाही. त्यासाठी विधिमंडळाचं संकेतस्थळ उघडून प्रश्नांच्या याद्या आणि कामकाजाचे वृत्तांत चाळावे लागतात. तिथेही नुसती मोजदाद फसवते. महाराष्ट्रात एका तारांकित प्रश्नावर (ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी दिलं जातं) अनेक आमदारांची नावं असतात, आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. म्हणून मंत्रिपदाचा काळ वगळावा, आणि उरलेल्या काळात उमेदवार स्वतः उभा राहून कोणत्या विषयावर बोलला ते वृत्तांतातून वाचावं.